पी हळद, हो गोरी?

‘पी हळद आणि हो गोरी’ ही आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडची म्हण. कोणी फार उतावीळ झाले की त्या हा टोमणा मारत. म्हणीचा सरळ अर्थही तितकाच खरा आहे. हळद पिऊन कोणी गोरे होत नाही, हे शाळेची पायरी न चढलेल्या त्या बायांना पक्के माहीत होते. शिकलेल्या नातींना मात्र ते पुन्हा सांगावे लागते आहे.

महिला मंडळांच्या आरोग्य शिबिरांत आम्ही रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासायला बसतो. तपासणी होते, बाई उठते, दोन पावले जाते आणि परत येऊन हळूच विचारते, “सिस्टर, तोंडाला काय लावू?” पिशवीतून एखादी डबी किंवा ट्यूब निघते. पुढचे वाक्य बहुतेक ठरलेले असते, “नैसर्गिकच आहे, हळदीची आहे, काही होत नाही ना?” या एका प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही, म्हणून या वेळचे आरोग्य पान त्यासाठीच घेतले आहे. त्यासाठी आधी हळदीची क्रीम घरोघरी नेणाऱ्या मराठी कंपनीची, म्हणजे विकोची गोष्ट सांगावी लागेल. ती गोष्ट जाहिरातीत येत नाही, पण त्वचेच्या दृष्टीने फार उपयोगाची आहे.

केशव विष्णु पेंढरकर हे नागपूरकडचे. तिथे त्यांचे किराणा दुकान होते. पुढे ते मुंबईत आले, छोटे-मोठे धंदे केले आणि १९५२ साली परळला राहत्या घरातच आयुर्वेदिक वस्तू बनवायला सुरुवात केली. ‘विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी’ या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून ‘विको’ झाले. पहिला माल म्हणजे वनस्पतींचे दंतमंजन, वज्रदंती. त्या काळी शहरात परदेशी पद्धतीच्या टूथपेस्टची चलती होती. गावाकडे मात्र राखुंडी, कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी आणि मशेरी चालत होती. त्या दोहोंच्या मधली जागा पेंढरकरांनी बरोबर हेरली. पुढे त्यांचे चिरंजीव गजानन पेंढरकर यांच्या काळात, सत्तरच्या दशकात, हळदीचा अर्क आणि चंदनाचे तेल घातलेली क्रीम आली. स्नो, पावडर आणि कोल्ड क्रीम म्हणजे पांढरे असा लोकांचा समज असताना ही पिवळी क्रीम खपवणे सोपे नव्हते. टीव्ही आला, ‘ये जो है जिंदगी’सारख्या मालिकेला विकोने प्रायोजकत्व दिले, हळदीच्या समारंभातली नवरी जाहिरातीत आली आणि ते सूर सगळ्या देशाला पाठ झाले. डोंबिवली, नागपूर आणि गोवा येथे कारखाने उभे राहिले.

त्या जाहिरातीत एक गोष्ट ठासून सांगितली जाई की हे सौंदर्यप्रसाधन नव्हे. ऐकणाऱ्याला वाटे, ही बढाई आहे. खरे तर त्यामागे मोठा कोर्टाचा मामला होता.

अबकारी खात्याचे म्हणणे असे की क्रीम आणि दंतमंजन या रोजच्या वापराच्या, नटण्या-सवरण्याच्या वस्तू आहेत, तेव्हा त्यांवर सौंदर्यप्रसाधनाचा कर लागणार, आणि तो जबर होता. कंपनीचे म्हणणे असे की आमच्याकडे आयुर्वेदिक औषधाचा परवाना आहे, घटक आयुर्वेदाच्या ग्रंथांतले आहेत, त्यामुळे ही औषधे ठरतात आणि कर औषधाचाच लागेल. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला हा वाद ठाण्याच्या दिवाणी न्यायालयापासून वर चढत गेला. मध्येच कराचा कायदा बदलला, तेव्हा तो पुन्हा उकरला गेला आणि शेवटी २००४ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयात कंपनीच्या बाजूने संपला. वज्रदंती आणि हळदीची क्रीम दोन्ही औषधे ठरली. गंमत पाहा, त्याच सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकात बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाच्या बाबतीत उलटा निर्णय दिला होता. लोक ते दात घासायलाच वापरतात, औषध म्हणून नव्हे, म्हणून ती प्रसाधनाची वस्तू ठरली. एक दंतमंजन औषध आणि दुसरे प्रसाधन!

वकिलांच्या या भांडणाचा आपल्या चेहऱ्याशी थेट संबंध आहे. डबीवरचा ‘औषध’ हा शब्द कोर्टात ठरतो तेव्हा प्रश्न कराचा असतो. घटक ग्रंथांत आहेत का, परवाना कोणता आहे, सामान्य माणूस त्या वस्तूला काय समजतो, हे तिथे पाहिले जाते. ही क्रीम लावल्याने किती बायांचे डाग किती आठवड्यांत गेले, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच. तेव्हा ‘कोर्टाने औषध म्हटले’ याचा अर्थ ‘कोर्टाने गुण तपासला’ असा काढू नये. आणि औषध म्हटलेच असेल तर ते औषधासारखे वागवावे. कशासाठी लावायचे, किती दिवस लावायचे आणि त्रास झाला तर थांबायचे कधी, हे विचारावे. आपल्याकडे नेमके उलटे होते. किंमत मोजताना आणि विश्वास ठेवताना आपण त्याला औषध मानतो. वापरताना मात्र पावडरीसारखे सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षे फासतो.

‘आयुर्वेदिक औषध’ या शब्दांना निदान कायद्यात व्याख्या आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या पहिल्या अनुसूचीत ग्रंथांची यादी दिली आहे आणि तिच्याशी ही व्याख्या जोडलेली आहे. ‘नॅचरल’ या शब्दाला त्या कायद्यात अशी व्याख्या नाही. डबीवर हिरवे पान छापायला काही सिद्ध करावे लागत नाही. कोणतीही क्रीम म्हणजे तेल किंवा मेणासारखे पदार्थ आणि पाणी एकत्र घोटून केलेला पाया, त्यात अर्क, सुगंध आणि टिकवण्याचे द्रव्य. पाणी आले की जंतू आलेच, म्हणून ते टिकवण्याचे द्रव्य लागते. आमच्यातल्या काही मैत्रिणी ‘केमिकल’ शब्द ऐकला की नाक मुरडतात. पण न टिकवलेला, फ्रिजबाहेर चार दिवस ठेवलेला कोरफडीचा गर तोंडाला लावून आलेले पुरळ आम्ही पाहिले आहे. पाणीही केमिकलच आहे, आणि धोतऱ्याचे बी नैसर्गिकच असते.

आता हळदीकडे वळू. हळदीतला पिवळा पदार्थ कुर्कुमिन. तो १८१५ मध्येच वेगळा काढला गेला. प्रयोगशाळेत तो सूज कमी करतो आणि काही जंतूंची वाढ रोखतो, हे दिसले आहे. पण काचेच्या नळीतला परिणाम आणि माणसाच्या त्वचेवरचा परिणाम यांत बरेच अंतर असते. कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि त्वचेतून सहज आत जात नाही. तेव्हा हळदीच्या क्रीमकडून बारीकसारीक खाज, किरकोळ फुटकुळी, कोरडेपणा यांत थोडा आराम मिळण्याची अपेक्षा ठेवायला हरकत नाही. रंग बदलण्याची अपेक्षा ठेवू नये. हळदीची किंवा चंदनाची ॲलर्जीही असू शकते. नवीन क्रीम आणली की आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दोन-तीन दिवस लावून पाहावी. लाल झाले, खाजले, तर ती चेहऱ्यासाठी नाही, मग पाकिटावर काहीही लिहिलेले असो.

तीन ठिकाणी मात्र हळद अजिबात लावू नका, हे आम्ही प्रत्येक शिबिरात घसा फोडून सांगतो. बाळाच्या नाळेला हळद, राख, तेल, शेण काहीही लावायचे नाही; नाळ कोरडी आणि उघडी ठेवायची. भाजल्यावर हळद किंवा टूथपेस्ट चोपडायची नाही. वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचे आणि स्वच्छ कापड झाकून दवाखान्यात जायचे. आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची जखम हळदीने भरायची नाही. वरून पिवळी खपली दिसते आणि आत पू होत राहतो. पाय कापण्याची वेळ आलेले रुग्ण वॉर्डात येत, तेव्हा ड्रेसिंग करताना आधी ती वाळलेली हळद खरवडून काढावी लागे.

परंपरा आहे म्हणून चांगलीच, हे म्हणणे आपल्या लोकांना तर पटायलाच नको. परंपरेने आपल्याला काय काय दिले ते आपण जाणतो. आरोग्याच्या बाबतीतही तेच आहे. मशेरी ही महाराष्ट्राची अस्सल प्रादेशिक परंपरा. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू बोटाने दातांना लावायची. तिने तोंडाचा कर्करोग होतो आणि गरोदरपणी लावली तर बाळ कमी वजनाचे जन्मते. डोळ्यात घालायच्या पारंपरिक सुरम्यात शिसे निघते आणि ते लहान मुलांच्या मेंदूला बाधते. हळदीपासून केलेले खरे कुंकू आता विरळाच मिळते, बाजारातल्या रंगांनी कपाळ खाजते. नव्या सोयीही तशाच. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने कपाळावर कोडासारखा पांढरा डाग पडतो आणि टिकली बदलली तरी तो लवकर भरत नाही. डाग दिसला की बाया त्यावर मोठी टिकली लावतात, म्हणजे पुन्हा तोच गोंद.

आणि ही परंपरा नेमकी कोणाची, हेही विचारले पाहिजे. पोथीत ‘हरिद्रा’ लिहिणाऱ्यांची जेवढी, तेवढीच ती खणणाऱ्यांची. सांगलीची हळद पेठ देशभर नावाजलेली आहे, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला त्याआधीच मिळाले. वसमत-हिंगोलीकडेही हळदीचे मोठे पीक आहे. गड्डे खणणे, निवडणे, कढईत शिजवणे, उन्हात वाळवणे आणि ड्रममध्ये घालून घासणे, यातले बरेचसे काम मजूर बायांच्या हातांचे. जिच्या नखांत हळद बसून राहते आणि जिच्या तळहातांना भेगा पडतात ती बाई हळदीची क्रीम शिबिरात आम्हाला दाखवते, तेव्हा आम्हाला काय वाटत असेल ते वाचक समजून घेतील.

एकदा तर ही हळद अमेरिकेत गहाण पडायची वेळ आली होती. जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. हे ज्ञान जुनेच आहे हे छापील पुराव्यांनी दाखवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. पुराव्यांत संस्कृत ग्रंथ होता आणि १९५३ सालच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही. ज्या असंख्य बायांनी पिढ्यान्‌पिढ्या हळद उगाळली त्यांचे काही लिहिलेले नव्हते, म्हणून त्यांची साक्ष उपयोगी पडली नसती. लिहून ठेवले पाहिजे ते यासाठी.

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. विकोची क्रीम हे आमचे दुखणे नाही. तिच्या पाकिटावर नाव आहे, पत्ता आहे, परवाना आहे, घटक आहेत. आमचे दुखणे दुसऱ्याच ट्यूबचे आणि डबीचे आहे. ‘हळदीचीच आहे’ म्हणून ती पिशवीतून निघते आणि तिचा हळदीशी काही संबंध नसतो.

१९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. २०२० मध्ये जगभर वर्णभेदाविरुद्ध आवाज उठला तेव्हा तिचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. मधल्या पंचेचाळीस वर्षांत आपल्या मुलींच्या मनावर जे छापायचे ते छापून झाले. सावळी मुलगी, गोरी क्रीम, नोकरी, नवरा. आपल्या समाजातही हे मुरले आहे, उगाच झाकायला नको. आपल्याच वधू-वर सूचक पानांवर ‘गोरी, सुस्वरूप’ असे छापून येते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आज्यांना सांगितले होते की अस्पृश्यतेची खूण सांगणारे नेसणे आणि दागिने टाका, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा. त्या आज्यांनी ते त्याच परिषदेत अंमलात आणले. अंगावरून जातीची खूण काढायची होती, कातडीचा रंग काढायचा नव्हता.

रंग काढायची जी घाई आहे ती दोन मार्गांनी अंगावर येते.

पहिला मार्ग स्टिरॉइडचा. मेडिकलच्या दुकानात जाऊन ‘गोरं व्हायची ट्यूब’ मागितली की पन्नास-शंभर रुपयांत मिळते. ट्यूबवर बारीक इंग्रजी अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एक नाव असते, सोबत कधी हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन. ही औषधे वाईट नाहीत. सोरायसिस, इसब यांत त्वचारोगतज्ज्ञ ती मोजून देतात. चेहऱ्यावर रोज लावली की पहिले पंधरा दिवस जादू होते. मुरुमे बसतात, रंग उजळ दिसतो, शेजारीण नाव विचारते आणि ट्यूब वस्तीभर फिरते. नंतर त्वचा कागदासारखी पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, उन्हात गेले की आग होते, गालावर लव वाढते, मुरुमे दुप्पट जोमाने येतात. बंद केली की चेहरा लालभडक होऊन जळतो, म्हणून बाई पुन्हा तीच लावते. दारूसारखेच झाले हे. कोणाला गजकर्ण असेल तर ते दबून, रूप बदलून पसरते आणि मग डॉक्टरलाही ओळखायला अवघड जाते. आपल्या देशातील त्वचारोगतज्ज्ञांनी अनेक शहरांत मिळून केलेली पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. सातांत एक! मार्च २०१८ मध्ये सरकारने अशा चौदा मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. दुकानदाराने चिठ्ठी मागायची आहे, हा नियम आहे. त्याने मागितली नाही तर आपण त्याला विचारावे, “ही चिठ्ठीशिवाय कशी देता?” एवढे ऐकून बऱ्याच काउंटरवरची ट्यूब मागे जाते.

कोणी आधीच काही महिने अशी ट्यूब लावत असेल तर हा लेख वाचून एका दिवसात फेकू नका. शासकीय रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात ट्यूब घेऊन जा. ती हळूहळू कशी सोडवायची, मधल्या काळात काय लावायचे, ते तिथे सांगतात. लाज वाटून घेऊ नका, त्यांच्यासमोर रोज अशा किती तरी येतात.

दुसरा मार्ग पाऱ्याचा, आणि तो जीवावरचा आहे. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होताना जे विकर लागते त्याला पारा अडवतो, म्हणून चेहरा खरोखरच झपाट्याने उजळतो. तोच पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाची चाळण फाटू लागते. लघवीतून प्रथिने वाहून जातात, लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली आणि संध्याकाळी पायांवर सूज दिसते. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आपण वाचली असेल. पार्लरमधून आणलेल्या क्रीमनंतर एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींना मूत्रपिंडाचा विकार झाला; मुंबईत तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात ‘मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी’ या मूत्रपिंडाच्या आजाराचे २२ रुग्ण पाहिले. त्यांतल्या १५ जणांत या आजाराचा एक विरळ प्रकार निघाला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरे करणारी क्रीम वापरल्याचे सांगितले. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला. म्हणजे वेळेत कळले तर मूत्रपिंड वाचते. न कळले तर डायलिसिस, आणि आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला जाणे रोजंदारीवरच्या घराला काय पडते ते आम्ही सांगायला नको.

आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत अशा क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. चुकून आलाच तर दहा लाखांत एक भागाच्या आत हवा. पण नियम लागू होतो तो नाव-पत्ता असलेल्या मालाला. बिनलेबलची डबी, परदेशी लिपीतले पाकीट, ‘आमच्या पार्लरमध्येच बनवतो, पूर्ण नैसर्गिक’ म्हणून दिलेली पांढरी-पिवळी क्रीम, यांना कोण पकडणार? एक खूण लक्षात ठेवा. ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना असेल तर ती पाऱ्याची शंका घेण्यासारखी आहे, कारण पारा सोन्या-चांदीला खातो. घटकांत ‘मर्क्युरी’, ‘मर्क्युरिक’, ‘मर्क्युरस’ किंवा ‘कॅलोमेल’ असे काही असेल तर ती डबी घरात ठेवू नका. आई लावते आणि बाळ तिच्या गालाला गाल लावते. टॉवेल, उशी सगळ्यांची असते. पारा फक्त लावणारीपुरता राहत नाही.

इतके होऊनही बाया विचारतात, “मग डागाचं काय करायचं?” हा प्रश्न योग्य आहे. डाग कशाचा आहे ते आधी पाहायला हवे आणि नेमके तेच क्रीममुळे राहून जाते.

गालांवर आणि नाकावर तपकिरी चट्टे असतील तर तो बहुधा वांग. गरोदरपणात, पाळणा लांबवायच्या गोळ्यांनी आणि मुख्य म्हणजे उन्हाने तो वाढतो. शेतात, बांधकामावर, रस्ता झाडायला जाणाऱ्या बाईला ऊन टाळता येत नाही, हे आम्हाला कळते. निदान पदर किंवा ओढणी चेहऱ्यावर पुढे घेता येते, मोठ्या काठाची टोपी मागता येते. मुकादमाकडे टोपी मागणे हाही आरोग्याचाच भाग आहे.

मान काळी आणि मखमलीसारखी जाड दिसत असेल, काखेतही तसेच असेल, तर तो मळ नव्हे. अशा मुलींना आया हळद-बेसनाने घासघासून रक्त काढतात. ही शरीरात इन्सुलिन नीट चालत नसल्याची खूण असते, पुढे मधुमेह होऊ शकतो. तिची साखर आणि वजन तपासा, पाळी नियमित आहे का विचारा. शाळकरी मुलीची मान घासण्यापेक्षा तिचे शीतपेय आणि वडापाव कमी करणे जास्त उपयोगी आहे.

आणि ‘तेज नाही, चेहरा उतरलाय’ म्हणून क्रीम मागणाऱ्या किती तरी जणींची खालची पापणी आम्ही ओढून पाहतो, तर ती पांढरीफटक. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात, जंताची गोळीही मिळते. कोरड्या त्वचेला खोबरेल किंवा साधी व्हॅसलीन पुरे. शंभर-दोनशे रुपयांची क्रीम घ्यायची ऐपत असेल आणि हळदीच्या क्रीमचा वास आवडत असेल तर जरूर लावा, नटण्याला आमचा विरोध नाही. लग्नात हळद खेळायची की नाही, यावर आपल्यात वाद आहेत. तो ज्याच्या-त्याच्या घरचा विचार. खेळायची असेल तर बाजारची सुटी पूड घेण्याऐवजी हळकुंडे आणून दळून घ्या. पुडीत रंग मिसळतात, कधी शिसे असलेला लेड क्रोमेटही.

कोणत्याही क्रीमने किंवा औषधाने, मग ते आयुर्वेदिक असो की इंग्रजी, अंगावर त्रास उठला तर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर तो नोंदवता येतो. बिननावाच्या मालाची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी द्यावी. एकटीने जायला संकोच वाटत असेल तर मंडळाच्या लेटरहेडवर चार-पाच जणींनी सह्या करून द्या, पोच मात्र घ्यायला विसरू नका.

पुढच्या शिबिराला येताना फक्त क्रीमचे नाव सांगू नका. ट्यूब किंवा डबी, तिचे पुठ्ठ्याचे खोके आणि दुकानाचे बिल असेल तर तेही घेऊन या. ज्यांनी सहा महिन्यांत कुठलीही गोरे करणारी क्रीम लावली असेल आणि पायांवर सूज किंवा लघवीला फेस असेल, त्यांनी शिबिराची वाट न पाहता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी.